पॉल माउझर : नाव, काम आणि ठसा

माउझर हे नाव आपल्याकडे बहुतेकांनी प्रथम वाचले ते क्रांतिकारकांच्या चरित्रांत. काकोरीच्या हकिगतीत ते येते, बंगालमधील गुप्त मंडळ्यांच्या इतिहासात तर पानोपानी येते, आणि वाचणाऱ्याची अशी समजूत होते की माउझर म्हणजे पिस्तुलाची एक जात. दुसरीकडे, ज्या घराण्यांतील वडीलधाऱ्यांनी शिवपुरीच्या जंगलात शिकार केली, त्यांच्या तोंडी हे नाव रायफलीचे म्हणून असे, आणि तेथे त्याचा अर्थ खात्रीचे हत्यार एवढाच होता. हे आडनाव धारण करणारा एक हाडामांसाचा मनुष्य होता, तो एका कारागिराचे तेरावे अपत्य होता, आणि त्याच्या नावाच्या हत्यारांनी जी दोन महायुद्धे लढली गेली त्यांपैकी एकही पाहावयास तो जिवंत राहिला नाही, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. त्या माणसाची आणि त्याच्यामागे त्याच्या नावाचे काय झाले ह्याची हकिगत येथे सांगावयाची आहे. तिचा उत्तरार्ध घरात जुन्या वस्तू जपणाऱ्या प्रत्येकाने विचारात घ्यावा असा आहे.

मठातला कारखाना

जर्मनीच्या नैर्ऋत्य भागात, काळ्या अरण्याच्या कडेला, नेकार नदीच्या अरुंद खोऱ्यात ओबर्नडॉर्फ नावाचे लहानसे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनी एक झाली नव्हती. लहानमोठी राज्ये होती, प्रत्येकाचा निराळा राजा, निराळा दरबार आणि निराळी पलटण. संस्थानी अमलाच्या आठवणी ज्यांच्या घरात आहेत त्यांना हे चित्र परके वाटू नये. ओबर्नडॉर्फ हे व्युर्टेंबेर्गच्या राज्यात मोडत असे. तेथील राजा पहिला फ्रीड्रिख ह्याने १८११ साली गावातील ऑगस्टिनियन पंथाच्या रिकाम्या झालेल्या मठात आपल्या सैन्यासाठी बंदुकांचा कारखाना सुरू केला. जेथे पूर्वी प्रार्थना चालत तेथे घण आणि कानशी वाजू लागल्या.

ह्या सरकारी कारखान्यात फ्रान्झ आंद्रेआस माउझर नावाचा बंदुका करणारा कारागीर होता. २७ जून १८३८ रोजी त्याला तेरावे आणि शेवटचे मूल झाले. त्याचे नाव पीटर पॉल. पॉलहून चार वर्षांनी मोठा विल्हेल्म नावाचा भाऊ होता, आणि ह्या दोघांची जोडी पुढे जन्मभराची ठरली. फ्रान्झ नावाचा आणखी एक भाऊ अमेरिकेस गेला व तेथे रेमिंग्टन ह्या प्रसिद्ध बंदूक कारखान्यात कामाला लागला. गवयाच्या घरचे मूल जसे तंबोऱ्याच्या जुळणीत वाढते, आणि सुरांची नावे कळण्याआधीच त्याच्या कानाला सूर कळू लागतो, तशी ही मुले लोखंडाच्या आवाजात वाढली. शाळा जेमतेम आटोपल्यावर पॉलही कारखान्यात उमेदवारीला लागला. पुस्तकी यंत्रशास्त्र तो कधीच शिकला नाही. जे शिकला ते हातांनी.

१८५९ साली त्याला सक्तीच्या लष्करी नोकरीसाठी बोलावणे आले. नेमणूक झाली ती लुडविग्सबुर्ग येथील तोफखान्याच्या शस्त्रागारात. त्यामुळे ह्या मुदतीतही त्याचा हात हत्यारांच्या दुरुस्तीवरच राहिला. तेथून परत आल्यावर तो पुन्हा ओबर्नडॉर्फच्या कारखान्यात रुजू झाला. दिवसा सरकारी काम आणि उरल्या वेळात घरी स्वतःच्या कल्पनांचे नमुने, असा त्याचा क्रम पडला.

सुईच्या बंदुकीतला दोष

त्या वेळी युरोपात प्रशियाच्या सैन्याच्या एका बंदुकीचा मोठा बोलबाला होता. ड्रायझे नावाच्या कारागिराची ती सुईची बंदूक. त्याआधी बंदुकीत दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून ठासावी लागे, आणि त्यासाठी शिपायाला उभे राहावे लागे. ड्रायझेच्या बंदुकीत दाराची कडी मागे सरकवावी तसा एक पोलादी दांडा, म्हणजे बोल्ट, मागे ओढून काडतूस मागूनच बसविता येई. चाप ओढला की लांब सुई कागदी काडतुसात शिरून आतील स्फोटकावर आपटे. १८६६ साली प्रशियाने ऑस्ट्रियाचा पराभव केला तेव्हा ह्या बंदुकीची कीर्ती सर्वत्र झाली.

पॉलला त्या कीर्तीपेक्षा तिच्यातील दोष अधिक दिसले. सुईची स्प्रिंग ताणण्यासाठी शिपायाला निराळी हालचाल करावी लागे. नळीच्या मागील सांध्यातून गरम वायू तोंडावर येई. लांब सुई वारंवार मोडे. पॉलने अशी रचना बसविली की बोल्ट फिरवून उघडताना स्प्रिंग आपोआप ताणली जावी. पुढे धातूची काडतुसे आल्यावर रिकामे कवच ओढून बाहेर काढणारा आकडाही त्याने जोडला. तीन हालचालींची दोन हालचाली करणे एवढाच हा शोध वाटेल. परंतु लढाईत माणसाचे हात थरथरत असतात आणि डोके ठिकाणावर नसते. तेव्हा एक हालचाल वाचणे म्हणजे काय हे पॉलने तोफखान्यात पाहिले होते.

कल्पना पॉलची आणि ती गळी उतरविण्याचे काम विल्हेल्मचे, अशी भावांची वाटणी होती. पॉल अबोल, कानशीवर मान घालून बसणारा. विल्हेल्म बोलका, दारोदार फिरणारा, अधिकाऱ्यांना गाठणारा. तरीही कोणतेच सरकार प्रथम वळले नाही. अखेर रेमिंग्टन कंपनीशी संबंध असलेला सॅम्युएल नॉरिस नावाचा अमेरिकन मनुष्य त्यांना भेटला. त्याने करार केला, १८६७ साली दोघा भावांना बेल्जियममधील लिएज ह्या बंदुकांच्या शहरी नेले, आणि १८६८ साली अमेरिकेत जे पेटंट घेतले त्यावर भावांच्या नावांबरोबर स्वतःचेही नाव घातले. पुढे त्याचा उत्साह मावळला आणि कराराप्रमाणे पैसे मिळेनात. पॉल आणि विल्हेल्म रिकाम्या हाताने ओबर्नडॉर्फला परतले.

परंतु त्यांचा नमुना प्रशियाच्या परीक्षकांच्या हाती पडला होता, आणि तो टिकला. फ्रान्सशी झालेले युद्ध संपले, जर्मन साम्राज्य जन्मास आले, आणि १८७१ साली माउझर बंधूंची एकबारी रायफल नव्या साम्राज्याची पायदळ रायफल म्हणून पसंत झाली. येथेही शोध एकाचा आणि फळ दुसऱ्याचे हा प्रकार चुकला नाही. रायफली सरकार स्वतःच्या शस्त्रागारांत करणार होते. माउझर बंधूंच्या वाट्याला आरंभी आले ते नेम धरण्याच्या पट्ट्या करून देण्याचे काम. ते त्यांनी निमूटपणे घेतले. व्युर्टेंबेर्गच्या सैन्यासाठी एक लाख रायफलींची मागणी मिळाली तेव्हा कोठे त्यांना बळ आले. १८७४ साली एका बँकेच्या भागीदारीत त्यांनी तो मठातला सरकारी कारखानाच विकत घेतला. ज्या आवारात बाप मजुरीने राबला त्याचे मुलगे मालक झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आग लागून कारखान्याचा मोठा भाग जळाला. भावांनी तो पुन्हा उभा केला.

एकट्याची बत्तीस वर्षे

१३ जानेवारी १८८२ रोजी विल्हेल्म वारला. तो पन्नाशीलाही पोहोचला नव्हता. सतत प्रवास करून त्याची प्रकृती खालावली होती. ज्याने आयुष्यभर बोलणी केली तो भाऊ गेल्यावर अबोल पॉलला दरबार, वकील आणि सेनाधिकारी ह्यांच्यापुढे स्वतः उभे राहावे लागले, आणि ते त्याने केले. १८८७ साली तुर्कस्तानच्या सुलतानाकडून पाच लाख रायफली आणि पन्नास हजार कार्बाइनींची प्रचंड मागणी आली. तुर्की अधिकारी तपासणीसाठी नेकारच्या काठी येऊन राहिले. करारात तुर्कांनी एक हुशारीचे कलम घातले होते. माउझरने मध्यंतरी ह्याहून चांगली रायफल काढली तर उरलेला माल त्या नव्या नमुन्याचा द्यावा. तसेच झाले, आणि सुमारे सव्वादोन लाख नगांनंतर तुर्कांनी नवा नमुना मागून घेतला. मात्र इतकी मोठी मागणी पेलण्यास भांडवल पुरेना, म्हणून त्याच वर्षाच्या अखेरीस कारखान्याचे भाग बर्लिनच्या लुडविग लोवे कंपनीकडे गेले. पॉल कारखान्याचा प्रमुख तंत्रज्ञ राहिला, पण धनी राहिला नाही.

मधल्या काळात फ्रान्सने १८८६ साली धूर न होणारी दारू वापरणारी रायफल काढली आणि सगळ्या जगाच्या बंदुका एका रात्रीत जुन्या झाल्या. जर्मन सरकारने घाईघाईने एक समिती नेमली, समितीने १८८८ साली स्वतःच एक रायफल जुळविली, आणि माउझरला त्यात विचारलेही नाही. पॉलने तक्रार करण्यात वेळ दवडला नाही. त्याने परदेशांसाठी नमुने काढले. १८८९ साली बेल्जियमसाठी, १८९३ साली स्पेनसाठी, त्यानंतर स्वीडनसाठी. पाच काडतुसे एका पत्र्याच्या पट्टीत अडकवावीत आणि अंगठ्याने एका दाबासरशी आत ढकलावीत, ती आतल्या पेटीत एकाआड एक बसावीत, एक बाहेर पडले की दुसरे वर यावे, ही आज साधी वाटणारी रचना त्याने पायरीपायरीने पक्की केली. १८९८ साली क्यूबामध्ये अमेरिकन सैन्याला स्पॅनिश शिपायांच्या हातातील माउझरचा मार इतका बसला की अमेरिकेने पुढे १९०३ साली काढलेल्या आपल्या रायफलीत माउझरच्या युक्त्या उचलल्या, आणि त्याबद्दल माउझर कंपनीस एकंदर दोन लाख डॉलर भरले.

अखेर ५ एप्रिल १८९८ रोजी जर्मनीनेही पॉलची रायफल स्वीकारली. ही त्याच्या आयुष्यातील मुख्य कृती. तिच्या बोल्टला पुढे दोन दात होते, आणि ते तुटलेच तर शिपायाचे तोंड वाचावे म्हणून मागे तिसरा दात ठेवलेला होता. काडतूस फुटले तर वायू बाजूला निघून जावा म्हणून भोके ठेवलेली होती. स्वयंभरित रायफलीचे प्रयोग तो पुढेही करीत राहिला, आणि १९०१ च्या सुमारास अशाच एका प्रयोगात स्फोट होऊन त्याचा एक डोळा गेला. तरी काम थांबले नाही. मान पुष्कळ मिळाले. तो १८९८ ते १९०३ जर्मन लोकसभेचा सभासद होता, आणि १९१२ साली त्याला नावामागे फॉन हे सरदारकीचे उपपद लावण्याचा अधिकार मिळाला. २९ मे १९१४ रोजी ओबर्नडॉर्फ येथेच त्याचे निधन झाले. बरोबर दोन महिन्यांनी पहिले महायुद्ध पेटले.

कलकत्त्यातले पन्नास क्रमांक

ज्याला आपण माउझर पिस्तूल म्हणतो ते मूळचे फीडरले नावाच्या बंधूंचे काम. ते ह्याच कारखान्यात नोकरीस होते आणि पिस्तूल पॉलच्या नावावर १८९६ साली बाजारात आले. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यात रॉडा नावाच्या शस्त्रविक्रेत्या कंपनीचा माल कस्टममधून सुटत असता क्रांतिकारकांनी त्यातील पन्नास माउझर पिस्तुले आणि सेहेचाळीस हजार काडतुसे गाडीसह पळविली. शोधकर्ता जाऊन तीन महिनेही झाले नव्हते. ही पिस्तुले बंगालभर वाटली गेली, आणि पुढच्या वर्षी बालेश्वरजवळ जतींद्रनाथ मुखर्जी ह्यांनी जी अखेरची झुंज दिली तीतही माउझर होतीच.

परंतु येथे आपल्याला हवा तो मुद्दा निराळा आहे. प्रत्येक पिस्तुलावर कारखान्याचा क्रमांक ठोकलेला होता, आणि ते पन्नास क्रमांक रॉडा कंपनीच्या वहीत उतरलेले होते. त्यामुळे पुढील तीन-चार वर्षांत जेथे कोठे पिस्तूल हाती लागे तेथे ते त्या पन्नासांतले की नव्हे हे सरकारला ओळखता येई. १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालात चोपन्न प्रकरणांशी ह्या पिस्तुलांचा संबंध जोडलेला आहे. पोलादावर ठोकलेला आकडा बोलतो, आणि तो कोणाच्याही बाजूने खोटे बोलत नाही.

आपल्या शिकारी घराण्यांतील रायफलींचेही असेच. पुष्कळ नळ्यांवर लंडनच्या रिग्बी कंपनीचे नाव असे, परंतु आतील बोल्ट आणि सांगाडा ओबर्नडॉर्फहून आलेला असे. जिम कॉर्बेटला चंपावतच्या नरभक्षक वाघिणीच्या शिकारीबद्दल १९०७ साली भेट मिळालेली प्रसिद्ध रायफल ह्याच प्रकारची होती.

शेवटच्या वर्षाच्या रायफली

पहिल्या महायुद्धानंतरच्या तहाने ओबर्नडॉर्फच्या कारखान्याला शिवणयंत्रे, गणकयंत्रे आणि मोजमापाची साधने करावी लागली. १९३५ साली नव्या जर्मन सैन्याने पॉलच्याच १८९८ च्या रचनेची आखूड आवृत्ती स्वीकारली, आणि १९४५ पर्यंत अनेक कारखान्यांनी मिळून तिचे एक कोटी चाळीस लाखांच्या आसपास नग केले. इटलीतील मोहिमेत मराठा लाइट इन्फंट्रीचे यशवंत घाडगे (१९४४) आणि नामदेव जाधव (१९४५) ह्यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला, तेव्हा समोरच्या जर्मन पायदळाचे नित्याचे हत्यार हेच होते.

ह्या रायफली आज युरोप-अमेरिकेतील संग्राहक मोठ्या किमतीस घेतात, आणि त्यातही युद्धाच्या अखेरच्या वर्षातील नगांना विशेष मागणी आहे. जेथे मागणी तेथे लबाडी, आणि म्हणून खरा नग ओळखणे हे एक शास्त्रच होऊन बसले आहे. त्याची मुळाक्षरे अशी. गुप्ततेसाठी रायफलीवर कारखान्याचे नाव न घालता सांकेतिक अक्षरे घालीत. ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्याचा संकेत प्रथम एस/४२, मग नुसता ४२, १९४१ पासून बीवायएफ आणि अगदी शेवटी, १९४५ साली, एसव्हीडब्ल्यू असा होता. वायमारच्या गुस्टलॉफ कारखान्याचा बीसीडी, ऑस्ट्रियातील श्टायरचा बीएनझेड, झूल गावच्या झाउअरचा सीई. त्याजवळ वर्षाचे आकडे. अनुक्रमांक बहुधा दर वर्षी एकपासून सुरू होई, दहा हजारांचा गट संपला की आकड्याखाली ए, मग बी अशी अक्षरे लागत. लष्करी तपासनीस गरुडाचा ठसा आणि खाली आपल्या कचेरीचा क्रमांक ठोकी. ओबर्नडॉर्फला युद्धाच्या उत्तरार्धात तो १३५ होता. संकेत, वर्ष, अक्षर आणि तपासनिसाचा क्रमांक ही चारही एकमेकांशी जुळली पाहिजेत. श्टायरच्या सांगाड्यावर ओबर्नडॉर्फच्या तपासनिसाचा ठसा दिसला तर प्रश्न विचारावयाचाच.

दुसरी परीक्षा बांधणीची. युद्धाच्या आरंभीची रायफल पाहण्यासारखी असे. भाग यंत्रावर कोरून काढलेले, पृष्ठभाग घोटलेला, निळसर काळा मुलामा चढविलेला. १९४४ पासून पोलाद, मनुष्यबळ आणि वेळ ह्यांची टंचाई पडली तशी एकेक गोष्ट गळत गेली. कोरलेल्या पट्ट्यांच्या जागी पत्रा दाबून आणि जोडून केलेल्या पट्ट्या आल्या. चापाभोवतीचे कडे पत्र्याचे झाले. नळी साफ करण्याचा गज गेला. बोल्ट उघडण्यासाठी दस्त्यात बसविलेली धातूची चकती गेली. काही कारखान्यांनी संगीन अडकविण्याचा भाग देखील सोडून दिला. मुलाम्याऐवजी राखाडी-हिरवट फॉस्फेटचा थर आला, आणि यंत्राच्या पात्याच्या खुणा तशाच राहू लागल्या. प्रत्येक कारखान्याने हे फरक निरनिराळ्या वेळी केले, म्हणून जाणकार मनुष्य कारखाना आणि महिना ह्यांचा मेळ घालून पाहतो.

येथेच नवशिक्यांची फसगत होते. जुन्या रायफलीच्या लहान भागांवरही अनुक्रमांकाचे शेवटचे आकडे असत, म्हणून सर्व आकडे जुळणारा नग उत्तम, हे तो ऐकून असतो. परंतु १९४४ च्या उत्तरार्धात आणि १९४५ साली पुष्कळ ठिकाणी लहान भागांवर आकडे घालणेच कमी झाले किंवा सुटले. तेव्हा १९४५ च्या रायफलीवर बारीकसारीक स्क्रूपर्यंत सर्व आकडे सुबक जुळत असतील, तर ते आकडे कोणी व केव्हा घातले हे विचारणे प्राप्त आहे. जेथे ओबडधोबडपणा अपेक्षित आहे तेथे नीटनेटकेपणा हाच संशय.

तिसरी परीक्षा ठशाची. बहुतेक ठसे मुलाम्याच्या आधी ठोकलेले असतात. ठोकताना धातू दबून कडेला किंचित उचलला जातो आणि ती कडही मुलाम्याखाली येते. नंतर ठोकलेला ठसा मुलामा फोडून आत जातो. पूर्वी घासून पुन्हा मुलामा दिला असेल तर जुन्या ठशांच्या कडा मावळलेल्या असतात, आणि त्यांच्या शेजारी एखादाच ठसा तीक्ष्ण दिसतो. दस्ता खरवडून गुळगुळीत केला की त्यावरील गरुडाची खूण बुजते, आणि ती पुन्हा उमटविणारे नकली शिक्के बाजारात मिळतात. ज्या रायफली सोव्हिएत सैन्याने हस्तगत केल्या त्यांचे भाग सुटे करून, सरमिसळ जोडून, पुन्हा काळा मुलामा देऊन ठेवलेले होते, आणि सोव्हिएत संघ मोडल्यानंतर त्या हजारोंनी बाजारात आल्या. हे प्रामाणिक नग आहेत, त्यांचा इतिहास त्यांच्या अंगावर आहे. परंतु तेच घासून, नवे आकडे ठोकून, दुर्बीण बसविण्याचा भाग जोडून नेमबाजाची अस्सल रायफल म्हणून विकण्याचा धंदाही चालतो. नॉर्वेने ह्याच रायफली आपल्या काडतुसासाठी बदलल्या, इस्रायलनेही बदलल्या. ओबर्नडॉर्फ एप्रिल १९४५ मध्ये फ्रेंचांच्या हाती पडल्यावर त्यांनीही काही काळ तेथे स्वतःसाठी हत्यारे करवून घेतली. प्रत्येकाच्या खुणा वाचता येतात, पुसल्या नसतील तर.

खुणा पुसण्याचे पाप

कोणी म्हणेल, पैसेवाल्यांच्या छंदात थोडी फसवाफसवी झाली तर बिघडले काय? बिघडते ते हे. बीसीडी ही तीन अक्षरे ज्या गुस्टलॉफ कंपनीची, तिने बुखेनवाल्डच्या छळछावणीला लागून दुसरा कारखाना काढला होता, आणि तेथे कैद्यांकडून रायफलींचे काम करवून घेतले जाई. २४ ऑगस्ट १९४४ रोजी त्यावर बाँबहल्ला झाला. त्यात कैदीही मेले. श्टायरसाठी रायफलींचे भाग गुझेनच्या छावणीत कैदी करीत. ओबर्नडॉर्फलाही हजारो परदेशी मजूर होते, आणि त्यातील पुष्कळ बळजबरीने आणलेले होते. शेवटच्या वर्षाच्या रायफलीवरील ती खरखरीत पात्याची खूण, तो वाकडा ठसा, हे अशा हातांनी मागे ठेवलेले एकमेव अक्षर असू शकते. ती खूण घासून गुळगुळीत करणारा दुकानदार गिऱ्हाइकाला फसवितो हे खरेच. परंतु ज्यांचे नाव कोठेच लिहिलेले नाही अशा माणसाची साक्षही तो पुसून टाकतो.

आमच्या घरी वडिलांचा तंबोरा आहे. ते दरबारात गात असत. भोपळ्याला एके ठिकाणी जुना सांधा आहे, आणि दांडीवर बोटे टेकून टेकून रंग उडालेला आहे. एका विक्रेत्याने मागे सुचविले की सर्व घासून लाखेचा नवा हात द्यावा, आत एखाद्या नामांकित जुन्या कारागिराच्या नावाची चिठ्ठी लावावी, किंमत दुप्पट येईल. त्याला व्यवहार कळत होता, पण त्या उडालेल्या रंगातच वडील आहेत हे त्याला कळत नव्हते. वाद्य असो की हत्यार, वापराने पडलेली खूण हा त्या वस्तूचा जन्मदाखला असतो. दुरुस्ती करावी, गंज थांबवावा, पण दाखला खरवडू नये.

आपल्याकडे कायदाही हेच सांगतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीवरील नाव, क्रमांक किंवा ओळखीची खूण पुसणे, बदलणे वा खोटी घालणे हा अपराध आहे. ज्यांच्या वाड्यात पूर्वजांची रायफल आहे त्यांनी प्रथम तिचा परवाना आपल्या नावावर आहे की नाही ते पाहावे. मग हौसेने ती चकचकीत करून घेण्याऐवजी तिच्यावरील सर्व अक्षरे, आकडे आणि ठसे एका वहीत जसेच्या तसे उतरवून ठेवावेत. कोणाकडून, कोणत्या साली आली, काय दुरुस्ती झाली तेही लिहावे. पुढील पिढीला रायफल हवी असेल वा नसेल, वही उपयोगी पडेल.

पॉल माउझरच्या गावी आज शस्त्रांचे संग्रहालय आहे. ते १८९६ साली स्वीडनच्या मागणीसाठी बांधलेल्या इमारतीत भरते. त्याच्या हातून निघालेल्या वस्तूंनी जगात किती माणसे मारली ह्याचा हिशेब कोणी मांडू शकणार नाही, आणि त्या भाराखालून त्या कारागिराला सोडविण्याचे कारणही नाही. पण एक गोष्ट त्याच्या पदरात घातली पाहिजे. दोन दात तुटले तर तिसरा असावा, अशी काळजी त्याने ज्याचे तोंड कधी पाहिले नाही अशा शिपायासाठी घेतली होती. त्याचे आडनाव त्याच्या मागे त्याला न विचारता हजार ठिकाणी ठोकले गेले. त्यातले खरे कोणते आणि खोटे कोणते हे निवडीत बसणारा प्रामाणिक जाणकार त्या कारागिराचेच राहिलेले काम पुढे चालवीत असतो.